शिंपीकाकांनी तिसरा गोळा सर केला त्याची हकिकत

श्री. सकल वाचक मंडळी, धूर ओढणारे व न ओढणारे, यांचे सेवेशी चरणरज लेखकाचा दंडवत. आपण पुशिले की, नाक्यावरील शिंपीकाकांनी आपल्या छातीचा मुलूख परत कैसा घेतला? त्यास जे डोळां देखिले आणि जे काकूंचे मुखें ऐकिले ते लिहितो. पदरचे फारसे घालीत नाही.

काका वयाने साठ, कात्रीबहाद्दर. सिगारेट नामे गनिमाने तरुणपणीच दोस्तीचे सोंग घेऊन आंत प्रवेश केला, आणि मग रोज वीस स्वारांनिशी छातीत ठाणे दिले, आणि दम लुटला, आणि भूक लुटली, आणि पहाटेपासोन खोकल्याची नौबत झडू लागली. त्या हिसक्यांनी एके दिवशी पोटाचा तट फुटोन हर्निया बाहेर आला.

मग काका काकूंसह डॉक्टरीणबाईंचे दरबारी रुजू जाहले. बाईंनी छाती तपासोन फर्मान सोडले की, फुप्फुसे पार जेर जाहली आहेत, सबब सिगारेट आजपासोन बंद. श्वासाचे यंत्र देते, त्यातील तिन्ही गोळे श्वास ओढोन वर चढवावे, मगच ऑपरेशन. आणि फार दिवस लोटोन आतडे अडकले तर जिवाशी गाठ आहे.

यंत्र म्हणजे प्लास्टिकच्या तीन नळ्या, हर नळीत एक गोळा. काकांनी शिलाई मशीनशेजारी मोर्चा बांधोन निकराचा श्वास ओढिला. पहिला गोळा टुणकन उडाला, दुसरा किंचित कुरकुरला, तिसरा पातशहासारखा बसोन राहिला. काका दिलगीर जाहले आणि दुकानामागे जाऊन गनिमाशी दोन सिगारेटींचा तह करोन आले.

मग काकांनी फितुरीची मसलत केली. यंत्र उलटे धरिले, तो गोळे आपोआप दुसऱ्या टोकास गेले. त्याचा फोटो काढोन, तोही उलटा फिरवोन, बाईंचे मोबाईलवर रवाना केला आणि फत्तेच्या खुशीत चहा मागविला. तो बाईंचा जबाब आला, "काका, गोळे वर गेले हे छान. पण तुमचं शिलाई मशीन छताला का लटकतंय?"

हा जबाब काकूंनीही वाचिला. काकूंनी तात्काळ दुकानावर छापा घातला, आणि बटणांच्या डब्यातून एक पाकीट जप्त केले, आणि दुसरे एका गिऱ्हाईकाच्या कोटाच्या डाव्या खांद्यात, भरावाचे जागी, शिवलेले सापडले. मग बाईंस फोन लाविला. बाईंनी काकांस इतकेच ऐकविले, "ऑपरेशननंतर असेच खोकलात, तर मी घातलेले टाके उसवतील."

हे मात्र काकांचे वर्मी लागले. चाळीस वर्षांत त्यांची एक शिवण उसवोन परत आली नव्हती. दुसऱ्याच्या टाक्याची बेअब्रू आपल्या छातीने करावी, हे त्यांस मरणाहून वाईट वाटले. त्यांनी उरली पाकिटे स्वहस्ते कात्रीने कातरली.

मग घनघोर दीड महिना जाहला. आधी खोकला वाढला, आणि काका गिऱ्हाइकांवर खेकसले, आणि एका विजारीस तीन पाय बेतले, परंतु माघार घेतली नाही. अखेर एका मंगळवारी, बाह्या बसवितां बसवितां, सहज यंत्र तोंडी लावोन श्वास ओढिला, तो तिसरा गोळा माथ्यास लागला, आणि काकूंनी पाच अंक मोजेपावेतो तेथेच राहिला.

ऑपरेशन जाहले. दुसरे दिवशी पट्टी बदलतेसमयी काकांनी आरसा मागविला, शिवण न्याहाळली आणि निवाडा दिला, "टाका बारीक आहे. पण बाई, ओळ जरा वाकडी गेलीय." बाई हसल्या, काकू हसल्या, आणि काकाही खदखदोन हसले. मग एकाएकी सर्वांचे श्वास अडकले. कारण काकांचे हसण्यामागे खोकला चालोन येणे हा जुना शिरस्ता. काकूंनी त्यांचा हात घट्ट धरिला. एक पळ गेले, दुसरे गेले. खोकला आला नाही. काकूंस रडू फुटले.

सबब दफ्तरी नोंद केली की, त्या दिवशी शिंपीकाका पुरते हसले, आणि टाका एकही उसवला नाही. फत्ते जाहली.