मानद मोर

मुलांनो, एका जंगलात सगळे कवी नर होते. का, ते विचारू नका. जंगलातही कुणी विचारलं नव्हतं.

मोर स्वतःच्या पिसाऱ्यावर कविता करायचा. हत्ती स्वतःच्या सुळ्यांवर करायचा. कोल्हा सिंहावर करायचा, कारण त्याला दरबारात नोकरी हवी होती. आणि माद्या? माद्या समोर बसून 'वा!' म्हणायच्या.

या जंगलात एक लांडोर राहायची. आईबापांनी मोठ्या आशेनं तिचं नाव सुलक्षणा ठेवलं होतं. तिचा नवरा चित्रसेन म्हणजे तोच कवी मोर, आणि नावाजलेला नर्तकही. त्यानं थुईथुई नाचायचं आणि तिनं समोर बसून भारावून जायचं, असा त्यांचा संसार चालला होता.

एकदा नाचाला फार गर्दी झाली. पुढे जागा नाही म्हणून सुलक्षणाला मागे बसावं लागलं. आता, पिसारा फुलवलेला मोर मागून कसा दिसतो, हे तोवर कुठल्याच कवितेत आलेलं नव्हतं. सुलक्षणानं ते लिहिलं. आणि साहित्य सभेत जाऊन वाचलं.

सभेचे अध्यक्ष होते धवलशास्त्री बगळे. ते सदा तळ्यात एका पायावर, डोळे मिटून उभे असत. जंगल म्हणे, चिंतन चाललंय. मासे काही वेगळं म्हणत, पण माशांना सभेचं सभासदत्व नव्हतं.

"ही कविता नव्हे, ही तक्रार आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "शिवाय फार वैयक्तिक."

"आणि ह्यांची पिसाऱ्यावरची कविता?"

"ती वैश्विक."

"पिसारा तर ह्यांचाच आहे ना?"

"बाई, विषय बदलू नका."

घरी चित्रसेन फुगून बसला होता. "अगं, चारचौघांत मागचं काढायची काय गरज होती?"

"आजवर कुणी काढलंच नाही म्हणून," सुलक्षणा म्हणाली आणि अंडी उबवायला बसली.

अंड्यांवर बसलेल्या बाईला विचार करायला भरपूर वेळ असतो. सुलक्षणाच्या मनात आलं, कविता म्हटली की सगळे कान टवकारतात. गोष्ट म्हटली की टवकारत नाहीत. मग ती गोष्टी रचू लागली. सभेला हसू आलं. "रचू द्या हो. पिल्लं झोपतात तरी!"

पिल्लं झोपली नाहीत. त्यांच्या आयासुद्धा जाग्या राहू लागल्या.

त्यातली एक गोष्ट अशी होती. एका सिंहिणीनं सांबर मारलं. सिंह उठला, आधी जेवला, मोठा ढेकर दिला आणि पुन्हा झोपला. जंगल त्या ढेकराला गर्जना म्हणू लागलं. संपली गोष्ट.

ही गोष्ट फिरत फिरत राजाच्या गुहेपर्यंत गेली. भैरवी महाराणी दुपारभर एकट्याच हसत होत्या. महाराजांनी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. जेवा तुम्ही." संध्याकाळी महाराजांनी गर्जना केली, तेव्हा झाडीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाला दरबारात बोलावणं आलं. महाराजांचा नाश्ता व्हायचा होता.

"कोण हा सिंह?" महाराज गुरगुरले.

"गोष्टीतला आहे, महाराज."

"त्याची बायको शिकार करते?"

"हो."

"आणि तो नुसता खातो?"

"हो. आपल्या ओळखीचा आहे का?"

महाराजांनी हो म्हणावं तर ढेकर त्यांचा ठरत होता. नाही म्हणावं तर लांडोरीला खायला कारण उरत नव्हतं.

शास्त्रीबुवा सिंहाच्या कानाशी लागले. "महाराज, लेखिकेला मारलं तर लोक तिला वाचतात. तिचा सत्कार करा. मग कुणी वाचत नाही."

महाराजांना पटलं. सुलक्षणा जिवंत घरी आली. चित्रसेन म्हणाला, "बघ, किती मोठ्या मनाचे आहेत!"

सुलक्षणाची ती सिंहाची गोष्ट शाळेत लावण्यात आली. फक्त तिला तात्पर्य नव्हतं. ते सभेनं जोडलं. एक दिवस सुलक्षणाची लेक शाळेतून आली आणि मान ताठ करून घडाघडा म्हणू लागली, "तात्पर्य: गृहिणीने कष्ट करावेत, म्हणजे गृहस्वामीस सुखाने ढेकर येतो. आई, बरोबर पाठ झालं का गं?"

दरबारात सिंहासमोर उभं राहून सुलक्षणाला वाटली नव्हती, तेवढी भीती तिला आता वाटली. तिच्याच गोष्टीनं तिचीच लेक शहाणी करून सोडली होती. "पाठ छान झालंय, बाळा," ती म्हणाली.

सत्काराला सगळं जंगल लोटलं. चित्रसेनाची गळालेली पिसं गोळा करून सुलक्षणाच्या शेपटीला बांधण्यात आली. शास्त्रीबुवांनी घसा साफ केला. "सुलक्षणाबाईंना सभा आज 'मानद मोर' ही पदवी देत आहे. आजपासून आपण त्यांना मोर मानू. स्त्रीला याहून अधिक काय हवं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पिसांच्या भारानं सुलक्षणा मागच्या मागे पडता पडता वाचली.

मग तिला ती गोष्ट सांगायला सांगितलं. तात्पर्यासकट. ती 'गर्जना म्हणू लागलं' इथपर्यंत आली आणि थांबली.

"तात्पर्य, बाई, तात्पर्य!" शास्त्रीबुवा कुजबुजले.

"ते माझं नाही," सुलक्षणा मोठ्यानं म्हणाली. "गोष्ट ज्यांची आहे, त्यांना विचारा." आणि तिनं बायका बसल्या होत्या तिकडे पाहिलं.

कुणी उठेना. हरिणी खाली बघू लागल्या. हत्तीण उगाच कान हलवू लागली. चित्रसेन खोकला. महाराजांनी जिभल्या चाटल्या, तेव्हा सुलक्षणाला कळलं, की कुणीच उठलं नाही तर सत्काराचं जेवण आपणच आहोत.

तेवढ्यात भैरवी महाराणी उठल्या. सावकाश आळस दिला.

"तात्पर्य असं, की उद्यापासून मी माझ्यापुरतं मारीन."

एवढं बोलून त्या चालू लागल्या. पाठोपाठ बाकीच्या सिंहिणी निघाल्या, मग हरिणीही निघाल्या, जरा अंतर ठेवून. सुलक्षणानं पिसं झटकली, लेकीला पंखाखाली घेतलं आणि घर गाठलं.

महाराजांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताटाची वाट पाहिली. मग स्वतः शिकारीला निघाले. सांबर आदरापोटी जरा हळूच पळालं, तरी महाराजांना धाप लागली. सशानं तर थांबून विचारलं, "पाणी आणू का?"

संध्याकाळी ते रडकुंडीला येऊन तळ्यावर पोचले. तिथे धवलशास्त्री एका पायावर, डोळे मिटून, गोष्टीचं तात्पर्य सुधारत उभे होते. पळण्याचं तर सोडाच, ते हललेसुद्धा नाहीत.

बगळ्यात मांस ते किती! महाराजांचं पोट भरलं नाही. ढेकरही आला नाही.

सभेनं शोक व्यक्त केला. चित्रसेन हळू लयीत नाचला. सुलक्षणाला मृत्युलेख लिहायला सांगण्यात आलं. तिनं गोष्ट लिहिली. ती पिल्लांना फार आवडली.

तात्पर्य (सभेनं नामंजूर केलेलं): विद्वानानं चिंतन जरूर करावं. मात्र राजा उपाशी असेल तेव्हा ते दोन्ही पाय टेकून करावं.