रिकाम्या खिळ्यावरची फीत

शालिकमामा निनावे कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. समोरच्याच्या छातीच्या डाव्या बाजूकडे बघतात. तिथे काही लटकलेलं नसलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि मग नाइलाजाने, नजर तिथेच ठेवून, बरा आहेस ना, असं विचारतात. पवनीत माझं औषधाचं दुकान आहे, आणि मामांचं घर आमच्या घरासमोर. त्यामुळे हा अपमान मी रोज सकाळी सोसतो. माझ्या खिशाला औषधाच्या कंपनीने फुकट दिलेला पेन असतो. मामा त्या पेनाकडे अशा नजरेने बघतात की मी लढाईतून पळून आलोय, असं मलाच वाटायला लागतं.

भाचीसाठी मुलगा बघायला गेले तेव्हाही तेच. घरी आल्यावर मामींनी विचारलं, पोरगा दिसायला कसा आहे, नाक कसं आहे. मामांना काही सांगता येईना. बराच वेळ आठवून म्हणाले, शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. तरी लग्न झालं, आणि चांगलं चाललंय.

मामांचा धंदा विणकामाचा. पवनीत आता हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यांतला एक त्यांचा. पण मामांना ओळखतात ते त्यांच्या पडवीमुळे. तिथल्या भिंतीवर खिळे ठोकून त्यांनी लढायांतल्या वस्तू टांगल्या आहेत. टोपीवरचे बिल्ले, पट्ट्यांची बक्कलं, एक चेपलेली पाण्याची बाटली, आणि मेडलं. काही बर्माच्या लढाईतली, काही त्याही आधीची, राणीची नाही तर राजाची मुंडी असलेली. या धानाच्या मुलखातून इतकी माणसं कुठकुठे जाऊन लढली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. मामांच्या पडवीत कळलं.

या वस्तू मामा विकत घेत नाहीत. बदल्यात कापड देतात. बिल्ल्याला दुपट्टा आणि मेडलाला लुगडं, असा त्यांचा ठरलेला भाव आहे. मामी यावर एकदाच बोलल्या, पण पुरेसं बोलल्या. "आमच्या मागावरचं लुगडं साऱ्या जिल्ह्यातल्या बाया नेसून राहिल्या, अन् मी पॉलिस्टर घालून राहिली." मामांनी त्यावर विचार केला आणि सांगितलं, तुझ्याजवळ एखादं मेडल असेल तर आण.

मेडलं सापडतात मोडीत. भंडारा पितळी भांड्यांचं गाव. पाण्याचा फुटका गुंड, तळ गेलेली घागर दुकानात वजनावर द्यायची आणि नवं भांडं घ्यायचं, याला आमच्याकडे मोड देणं म्हणतात. आजोबा गेले, पोरं गेली, नातसुनेला पेटीत एक पितळेचा तुकडा सापडला की तो घागरीत पडतो आणि घागर मोडीत पडते. म्हणून दर शनिवारी मामा पहिल्या एसटीने भंडाऱ्याला जातात आणि एका भांड्यांच्या दुकानामागे मोडीच्या ढिगापाशी उकिडवे बसून एकेक भांडं उपडं करून बघतात. दुकानदार त्यांना स्टूल देतो. मामा स्टुलावर सामान ठेवतात.

मेडल घरी आलं की मामा धातूकडे फारसं बघत नाहीत. आधी बघतात फीत. बहुतेक ती कुजलेली असते, नाही तर नसतेच. मग मामा पुस्तकातलं चित्र बघून रंग जुळवतात, सूत रंगवतात, खाटेच्या चौकटीला दोन बोटं रुंदीचा ताणा बांधतात आणि नवी फीत विणतात. लुगड्याला जेवढे दिवस लागतात जवळजवळ तेवढेच फितीला. एकदा मी म्हटलं, मामा, बाजारात तयार फिती मिळत असतील. त्यांनी फक्त माझ्या पेनाकडे बघितलं.

मामांचा आवडता शब्द 'सबूत'. कुणी म्हणालं, माझे आजोबा लढाईत होते, की मामा विचारणार, "सबूत हाय?" मेडलामागे नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो सबूत. बाकी सगळ्या गोष्टी. हा नियम ते सगळीकडे लावतात. मामी म्हणाल्या भाजीत मीठ आहे, तर मामा चाखून बघेपर्यंत ती अफवाच असते.

एका वरातीत बँडवाल्याच्या लाल कोटावर मामांना खरा फौजी बिल्ला दिसला. तो बाजा वाजवणारा गल्लीभर पुढे चालला होता आणि मामा त्याच्यासमोर उलटे चालत होते, नजर छातीवर. लोकांना वाटलं, म्हातारा नाचून राहिला. शेवटी मामांनी त्याला थांबवून विचारलं, कोणत्या लढाईत होतास? तो बिचारा म्हणाला, सकाळपासून ही तिसरी. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि बिल्ला काढून घेतला. वधूपक्षाने हा सत्कार समजून टाळ्या वाजवल्या.

बंदुकीची गोष्ट तर साऱ्या तालुक्याला माहीत आहे. नाकाडोंगरीकडच्या एका गोठ्यात मामांना जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता दिसला. घरवाले तो दाराला अडसर म्हणून लावत. मामांनी एक लुगडं आणि नवा अडसर देऊन तो आणला. पुढे नळी नव्हती, तर मागाचा जुना दांडा काळा रंगवून जोडला. कुणी तरी पोलिसांत कळवलं की निनाव्याच्या घरी बंदूक आहे. जमादार आले. मामांना इतका आनंद झाला की काय सांगावं. सरकारातून पडवी बघायला आलेला हा पहिलाच माणूस. त्यांनी जमादारांना चपला काढायला लावल्या, वहीत सही घेतली आणि डाव्या भिंतीपासून माहिती द्यायला सुरुवात केली. बंदुकीपर्यंत पोहोचायला दीड तास लागला. जमादारांनी ती हातात घेतली, नळीवर नख घासलं, खालचं लाकूड बघितलं आणि थकून म्हणाले, निदान पाटी तरी लावा. तेव्हापासून तिथे पाटी आहे : 'ही बंदूक चालत नाही. हुकुमावरून.' मामी म्हणतात, एक पाटी अजून रंगवा, गळ्यात घालायला.

आता त्या रिकाम्या खिळ्याबद्दल. भिंतीच्या अगदी मधल्या खिळ्यावर नुसती फीत आहे. खाली मेडल नाही. नवा माणूस विचारतो, याचं मेडल कुठाय? मामा सांगतात, "ते ड्युटीवर हाय. येईल."

ते मेडल दौलतचं. दौलत आणि मामा एका वर्गातले. दोघं मिळून कामठीला फौजेत भरती व्हायला गेले. दौलत घेतला गेला. मामांची छाती फुगवल्यावर दोन इंच वाढायला हवी होती, ती एकच वाढली. मामा म्हणतात, सुताच्या धुळीने भरली होती, हवेला जागा कुठली. दौलत एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेकडच्या आघाडीवर मारला गेला. मागून घरी त्याचा तारा आला, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल, पितळी रंगाचं, मागे नाव आणि नंबर. घरात त्याची म्हातारी आई आणि विशीतली बायको अनसूया.

पुढच्या वर्षी म्हातारीने मामांच्या हाती मोडीचं पोतं दिलं. मामा दर शनिवारी सूत आणायला भंडाऱ्याला जायचेच, आणि गावोगावची मोड त्यांच्यासोबत जायची. मामांनी पोतं तसंच तराजूवर ठेवलं आणि नवा गुंड घेऊन आले. आठ दिवसांनी कळलं की पोत्यातल्या एका फुटक्या लोट्यात दौलतचा तारा होता. म्हातारी मरेपर्यंत म्हणत राहिली, शालिकनं उघडून पाहिलं नाही. मामाही तेच म्हणतात. तेव्हा पहिल्यांदा ते त्या ढिगापाशी बसले, आणि मग उठलेच नाहीत म्हणा ना. बाकीचा सारा संग्रह हा तारा शोधता शोधता हाती लागलेला. दुकानदाराच्या बापाने आणि मग दुकानदाराने कितीदा सांगितलं की तो तेव्हाच भट्टीत गेला. मामा विचारतात, सबूत?

दरवर्षी धान निघालं की डिसेंबरात मामा अनसूयाबाईंच्या गावी जातात. तळ्याच्या बांधाखालचं लहानसं घर. तिथे दौलतच्या फोटोला एक फीत लावलेली असते. चुलीच्या धुराने तिचे रंग वर्षभरात मळतात, म्हणून मामा नवी विणून नेतात आणि जुनी काढून आणतात. पडवीतल्या रिकाम्या खिळ्यावर असते ती हीच, गेल्या वर्षीची. फीत बदलून झाली की मामा सांगतात, यंदाही नाही सापडलं. आणि चहा पिऊन परत येतात.

गेल्या डिसेंबरात मी त्यांना माझ्या गाडीने नेलं. मामांना आता दम लागतो. त्यांचा श्वासाचा पंप माझ्याच दुकानातून जातो. मामा मागच्या अंगणात हात धुवायला गेले तेव्हा अनसूयाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आवाज न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगून टाकलं.

"बाबू, तो तारा मीनंच टाकला होता लोट्यात. सासूबाई रोज तो काढून पुसत अन् रोज मले दाखवत. माह्याच्यानं पाहवत नोयतं. मंग भाऊजीवर आळ आला, अन् मी भेवानं चूप राहिली."

मी विचारलं, मग नंतर का नाही सांगितलंत?

"नंतर कायले सांगू? या घरी सालातून एकच पाहुणा येते. सांगतलं असतं तं तोही कायले आला असता? तू नोको सांगू त्यायले."

मी मान डोलावली. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या पवनीला माहीत आहे. तरी दहा महिने मी दम धरला. यंदा दिवाळीच्या आधी एका शनिवारी मामा भंडाऱ्याहून परतले ते ओठ निळे पडलेले, दोन पायऱ्या चढून दुकानाच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटं बोलू शकले नाहीत. मला राहवलं नाही. वाटलं, या म्हाताऱ्याला यातून सोडवायला हवं. मी सगळं सांगून टाकलं. तुमची चूक नव्हती मामा, म्हणालो. आता त्या ढिगावर बसायचं बंद करा.

मामा माझ्या पेनाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सबूत हाय तुह्याजवळ?"

"नाही."

ते उठले आणि घरी गेले. पंप बाकावरच राहिला, तो मला नेऊन द्यावा लागला.

त्यानंतर समोरचा माग वाजेना. सकाळी उठल्यापासून धोट्याचा आवाज ऐकायची आम्हाला सवय. तो नसला की घड्याळ बंद पडल्यासारखं होतं. शनिवारी मामा भंडाऱ्याला गेले नाहीत. दुसऱ्या शनिवारीही नाही. मामींनी मला विचारलं, काय सांगितलंस रे त्यांना, जेवायलाही मागत नाहीत. मी मला चांगलं वाटावं म्हणून सांगितलं होतं, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. पन्नास वर्षं एका माणसाने एक ओझं उचललेलं, ते मी खाली ठेवलं, आणि त्याच्याजवळ उचलायला दुसरं काही उरलं नव्हतं. तिकडे त्या बाईचा सालातला एक पाहुणाही मी घालवला होता. झोप लागत नव्हती मला, खरं सांगतो.

डिसेंबर लागला. शेतांतल्या बांध्यांमधलं धान निघून गेलं. एका सकाळी मी दुकान उघडत होतो, तर मामा इस्तरीचा शर्ट घालून समोर उभे. हातात कागदाची पुडी. म्हणाले, गाडी काढ. वाटेत मी रस्त्याकडेच बघत राहिलो. बोलून काय होतं ते मला कळलं होतं.

अनसूयाबाई दारातच होत्या. मी मामांच्या मागे, खाली मान घालून. मामांनी पुडी उघडली. नवी फीत होती, रंग लखलखीत, किनार अगदी सरळ. माग न वाजवताही खाटेवर फीत विणता येते, हे मी विसरलोच होतो. त्यांनी फोटोवरची जुनी फीत काढली, नवी लावली, दोन पावलं मागे सरून बघितली. मग बाईंकडे वळले.

"यंदाही नाही सापडलं, वहिनी."

अनसूयाबाईंनी मामांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझं तोंड बघूनच त्यांना सगळं समजलं असणार, कारण माझ्या तोंडावर काही लपत नाही. त्यांनी पदराने फोटोची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"असू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "भंडाऱ्याले पाहून राहिले नं तुमी? पुढच्या साली सापडंल."

"हो. पाहतो नं," मामा म्हणाले, आणि चटईवर बसले.

बाई चहा ठेवायला आत गेल्या. मामांनी जुनी फीत घडी करून खिशात ठेवली, डाव्या खिशात, आणि मला म्हणाले, शनिवारी तुझं दुकान जरा उशिरा उघड, मला भंडाऱ्याला सोडून दे, एसटीच्या पायऱ्या आता होत नाहीत.