लिंबू वाटेत आहे

गुरुवारी सकाळी अक्का गेल्या. संध्याकाळी आमच्या गटारात लिंबू आलं नाही.

अक्का म्हणजे तमिळ मुलखातल्या वेलचेरीत आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलर. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी एखाद्या बखरीतून उठून आल्यासारखी, आणि अधूनमधून तमिळ शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत. महापालिकेच्या कागदांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गटार साफ झालं असं इंजिनिअर सांगू लागला, की त्या पिशवीतून लिंबू काढत. गल्लीच्या वरच्या टोकाला, पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापाशी, ते गटारात सोडायचं. खालच्या टोकाला गटाराच्या तोंडाशी त्यांनी तांदूळ धुवायची जुनी रोळी बांधून ठेवली होती. लिंबू तिच्यात आलं तर कागदावर सही, नाही तर नाही.

"कागद सांगतो तें राहूं द्या, सार," त्या इंजिनिअरला म्हणत. "लिंबू काय सांगतें, बघूं."

एकदा एका कंत्राटदाराने खिशातलंच लिंबू हळूच रोळीत टाकलं. अक्कांनी ते उचललं, लांबूनच हुंगलं. "हें माझें नव्हे. हें बाजारचें. माझें घरच्या झाडाचें." त्याच्याकडून त्यांनी सगळं गटार पुन्हा उपसून घेतलं आणि शेवटी थंडगार सरबत पाजलं. ते कुठल्या लिंबाचं, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

तेव्हापासून अक्का लिंबाला खूण म्हणून तेलात कालवलेलं कुंकू लावू लागल्या. नव्या बिल्डिंगमधल्या आयटीवाल्यांनी कुंकवाचं लिंबू गटारातून वाहताना पाहिलं आणि थेट पुजाऱ्याला बोलावलं. अक्का स्वतः जाऊन समजूत घालून आल्या. "अय्यो, ही करणी नव्हे, कार्पोरेशन आहे, म्हटलें. तर पोरें आणिक घाबरलीं!"

मला मात्र हे लिंबू हसण्यावारी नेता येत नसे. माझं घर तळमजल्यावर, गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला. रोळी माझ्याच फाटकाशी. एका पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी आलं आणि पुस्तकांच्या खालच्या दोन फळ्या गेल्या. उरलेली पुस्तकं नलिनीने, माझ्या पत्नीने, वर चढवली. मी खुर्चीवर उभा राहून कोणतं कुठे ठेवायचं ते सांगत होतो. गटार तुंबलं तर पुढच्या वेळी काय जाईल, हे मला ठाऊक होतं.

नलिनी दोन वर्षांपूर्वी गेली. त्याआधी आमच्या गल्लीत लिंबू दोन-तीन महिन्यांतून एकदा येई. नंतर दर गुरुवारी येऊ लागलं.

"तुमच्या गल्लीचा उतार खोटा आहे, देशपांडे सार," अक्का म्हणाल्या. "लक्ष ठेवावें लागतें."

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. उतारातलं मला काय कळणार?

वर लिंबू सोडून अक्का गल्ली उतरून येत, फाटकाशी थांबून खाली बघत आणि आत येत.

"आलं का?"

"वाटेंत आहे. अर्धा घंटा तरी लागेल. तोंवर बसतें."

मी कॉफी करी.

"ही कापी? गटारांत ओतली तर लिंबू उलटें फिरेल, सार." पण कप रिकामा होई. मग चौकशी. "आज कोणाशीं बोललांत?"

"दूधवाल्याशी."

"काय बोललांत?"

"अर्धा लिटर."

"अय्यो! ह्याला बोलणें म्हणतात?" मग त्या पुस्तकांकडे बोट दाखवीत आणि एखाद्यात काय आहे ते सांगायला लावीत. फोन वाजला, की तो पिशवीत लिंबांखाली दडपत. अर्ध्या तासाने उठत, फाटकाशी जात आणि ओरडत, "आलें!"

त्यांच्या घरी दोन सुना, चार नातवंडं, दारात तक्रारी घेऊन आलेली माणसं. बाईंना घटकाभर निवांत बसायला जागा हवी असेल, अशी माझी समजूत होती. आपण ती देतो, याचं मला थोडं कौतुकही वाटे.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. निघताना थोरल्या मुलाने झाडाची लिंबं हातात ठेवली. "अम्मानं सांगितलं होतं, ही तुमच्या गल्लीची."

पाऊस तोंडावर आला होता. गुरुवारी इंजिनिअर आला, म्हणाला, गटार साफ आहे. मी म्हटलं, लिंबू काय सांगतं ते बघू. तो माझ्याबरोबर देवळापर्यंत आला. मी लिंबाला कुंकू लावलं, ते सोडलं, आणि दोघे गल्ली उतरू लागलो. मी हळू चालतो, पण अक्काही हळूच चालत; त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट होते.

फाटकाशी पोचलो तेव्हा लिंबू रोळीत होतं.

"उतार चांगला आहे सार, या गल्लीचा," इंजिनिअर म्हणाला. "पहिल्यापासून."

मी खाली बघत राहिलो. इथेच थांबून अक्का दर गुरुवारी खाली बघत, आणि मग आत येऊन सांगत, वाटेत आहे.

यंदा घरात पाणी आलं नाही. दर गुरुवारी लिंबू मी सोडतो. ते माझ्या आधी पोचतं. मी कॉफी करतो आणि अर्धा तास बसतो.