वाशीम–आसेगाव, सकाळी आठ

पुंडलिकभाऊंच्या दारातल्या गाडीवर एक दगडी पाटी टांगलेली असे. शाळेतली, लाकडी चौकटीची. तिच्यावर भाऊ रोज सकाळी खडूने लिहीत : ‘वाशीम ते आसेगाव. सुटण्याची वेळ सकाळी आठ.’ आठ वाजत, गाडी काही सुटत नसे. मग भाऊ आठ पुसून दहा करत. दुपारी चार. संध्याकाळी पाटी कोरी होई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. हे तीन वर्षं चाललं. त्या गाडीला इंजिनच नव्हतं.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. कोर्टात कारकून, त्यामुळे ‘पुढची तारीख’ या प्रकाराची मला सवय आहे. पण कोर्टसुद्धा दिवसातून तीनदा तारीख देत नाही.

भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक होते. नोकरी संपली, पण बोलण्यातून डेपो काही गेला नाही. मला ताप आला की म्हणत, ‘बाबू, गरम होऊन राह्यले तुमी. रेडिएटरमंदी पानी हाये का पाहा.’ माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं तेव्हा म्हणाले, ‘क्लच नाही बसला.’ आणि कुसुमवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाले, ‘डाव्या अंगाचं सारं वायरिंग गेलं, बाबू.’ मला फसकन हसू आलं. भाऊ हसत नव्हते. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

वहिनी घरी आल्या त्या चाकाच्या खुर्चीत. डावा पाय गुडघ्यात वाकेना, त्यामुळे साध्या मोटारीत बसता येईना. त्यांचं माहेर आसेगाव. तिथे त्यांचे थोरले बंधू, दादा, अंथरुणाला खिळलेले. या बहिणीने जायचं कसं आणि त्या भावाने यायचं कसं? फोनवर चेहरा दिसतो की, असं मी म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, ‘काय दिसते? दादा फोन नाकाजवय धरते. नुसतं नाकच पाहून राह्यली मी.’ मी ॲम्ब्युलन्स सुचवली. ‘माहेरी ॲम्ब्युलन्समंदी जाऊ? बाया रडाले जमतीन नं बाप्पा!’ मालाचा टेम्पो सुचवला. ‘मी काय सोयाबीनचं पोतं हावो?’ मी सुचवणं सोडून दिलं.

भाऊंनी मात्र मनावर घेतलं. पुण्याला पुतण्याकडे गेले असताना एका भंगारवाल्याच्या आवारात त्यांना ही गाडी दिसली. कुठल्याशा कंपनीने कधीकाळी प्रदर्शनात मांडायला केलेला, पुढच्या जमान्याच्या व्हॅनचा नमुना. बाजूचं दार पाखराच्या पंखासारखं वर उघडणारं, चारी बाजूंनी काच, आतली जमीन सपाट. आणि त्या जमिनीची उंची नेमकी भाऊंच्या ओट्याएवढी. टेप त्यांच्या खिशातच असे. ओट्यावरून खुर्ची ढकलली की थेट गाडीत. बाकी तिच्यात खरं असं काहीच नव्हतं. बटणं चिकटवलेली, स्टिअरिंग फिरे पण चाकं वळत नसत, आणि इंजिन म्हणून थर्माकोलचा एक ठोकळा. पुण्याहून परतणाऱ्या रिकाम्या ट्रकवर चढवून त्यांनी ती आणली. सारी कॉलनी जमली. भाऊ म्हणाले, ‘फक्त इंजिन टाकाचं हाये.’

हा ‘फक्त’ मी पुढे तीन वर्षं ऐकला. पहिलं वर्ष ताडपत्रीखाली स्टिअरिंग चाकांना जोडण्यात गेलं. दुसरं ब्रेकमध्ये. दर दसऱ्याला भाऊ गाडीची पूजा करून चारी चाकांखाली लिंबं ठेवत. गाडी लिंबांवरून गेली पाहिजे ही रीत, आणि गाडी तर जाणार नाही. म्हणून आम्ही कॉलनीतले आठ बाप्ये धोतर-पँटी सावरत ती ढकलत असू. लिंबं फुटली की भाऊ टाळ्या वाजवत आणि पाठीत उसण भरून मी दोन दिवस कोर्टात वाकडा बसे.

तिसऱ्या वर्षी अनसिंगहून एका मोडीत निघालेल्या काळी-पिवळी जीपचं इंजिन आलं. भाऊ आत आणि ताडपत्री बाहेर, असे चार महिने गेले. शेवटी एके दिवशी सकाळी ताडपत्रीखालून असा काही आवाज उठला की माझ्या बायकोच्या हातातलं पातेलं पडलं. गाडी सुरू झाली होती! भाऊ ती गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेले, वळवली आणि परत आणली. मी, एवढा कुरकुऱ्या माणूस, रस्त्यात उभा राहून ओरडत होतो. तो आनंद खोटा नव्हता.

वहिनी हिरवं लुगडं नेसून तयार होत्या. मांडीवर दादांसाठी लाडवांचा डबा. आसेगावला फोन झालेला. भाऊंनी गाडी मागे घेत ओट्याला अगदी चिकटवली, दार वर केलं, मी फळी टाकली आणि आम्ही खुर्ची ढकलली. ती हातभर आत गेली आणि अडली.

समोर पत्र्याची पेटी होती. पेटीत इंजिन. तिथून थेट मागच्या चाकांपर्यंत, त्यांना फिरवणाऱ्या शाफ्टचा उंचवटा.

भाऊंनी टेप काढला. खुर्ची मोजली, जागा मोजली. पुन्हा मोजली. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या जुन्या बसगाड्यांमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला, आतच, पेटीखाली असायचं. इंजिन दुसरीकडे कुठे असू शकतं हे त्या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नाही. ‘तिथंच राह्यते नं, बाबू,’ ते मला म्हणाले. ‘इंजिन तिथंच राह्यते.’ वहिनींनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘चहा घ्या तुमी दोघं. थकले असान.’

इंजिन हलवायचं तर सांगाडाच कापावा लागणार होता, आणि तेवढ्या एका फेरीत गाडीच्या फायबरच्या बॉडीला तीन ठिकाणी तडे गेले होते. ते काम आता होणार नाही, हे भाऊंना माझ्याआधी कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी पाहतो तर ते पेटीचे बोल्ट सोडत होते. माझं डोकं फिरलं. ‘अहो भाऊ, तीन वर्षं घातली तुम्ही यात! निदान चालते तरी आहे. ठेवा तशी!’

‘तिच्याबिगर कायले चालवाची?’ भाऊ म्हणाले. ‘धरा इकडून.’

मी धरलं. इंजिन बाहेर आलं, पेटी गेली, शाफ्ट गेला. दुपारी आम्ही पुन्हा फळी टाकली. खुर्ची सरळ आत गेली आणि बरोबर मधोमध उभी राहिली. भाऊ पुढे स्टिअरिंगशी जाऊन बसले. कुठे जायचं नव्हतंच.

वहिनी काचेतून बाहेर पाहू लागल्या. कितीतरी वेळ पाहत राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी आली त्या दिवसापासून त्यांना ओट्यावरून रस्ता दिसलेलाच नव्हता. मध्ये गाडी होती, गाडीवर ताडपत्री होती. त्यांच्यासाठी जे चाललं होतं, तेच त्यांच्या डोळ्यांपुढे आडवं उभं होतं. आणि आम्ही आठ बाप्ये गाडी ढकलायला येत होतो, पण वहिनींची खुर्ची ओट्याखाली उतरवून कोपऱ्यापर्यंत न्यावी, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

‘अवो,’ वहिनी म्हणाल्या, ‘कोपऱ्यावरची चिंच कुठी गेली?’

ती चिंच तोडून दोन वर्षं झाली होती. पाला उडून माझ्या पाण्याच्या टाकीत पडतो म्हणून नगरपालिकेत अर्ज मीच दिला होता.

भाऊंनी मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं.

‘वाऱ्यानं पडली,’ ते वहिनींना म्हणाले.

‘मंग मले कोनी सांगतलं काहून नाही?’

मी फळीचं टोक धरून ओट्यावर तसाच उभा राहिलो.