मोत्र्या आजींचे राजहंस आणि शेवटचा फ्यूज

श्री. ऐकणारांनी चित्त द्यावे. नीपर नदीकाठी, गनिमाच्या तोफांच्या टप्प्यात, ग्लिबिव्का नामे गावी ईस्टरच्या आदले दिवशी जो प्रसंग गुदरला, तो जैसा जाहला तैसा लिहिला असे.

गनिमाने सकाळीच विजेची तार तोडिली. मोत्र्या आजींचे राजहंस हिवाळ्यात तोफेस बळी पडिले होते. वंशाची उरली ती उबवणीयंत्रातील अंडी, आणि आत पिलांची टकटक सुरू जाहली होती. यंत्र थंडावले म्हणजे निर्वंश. सबब बिजलीदलाचे सरनोबत युखिम सेर्दुक शिडी, पक्कड ऐसा सरंजाम घेऊन दाखल जाहले, आणि वरी गनिमाचे ड्रोन घोंघावत असता खांबावर चढले, आणि तार जोडिली. मग काय विचारता! घरोघरी सणाची गोड पास्का-रोटी भिजवून तयार. वीज येताच अवघ्या बायकांनी एकदम ओव्हन लाविले, आणि फट् म्हणता ब्रह्महत्या, खांबावरील फ्यूज उडाला.

शिल्लक फ्यूज एकच. तोही गेला तर शहराहून दुसरा येईतो पिले गारठून मरणार. सरनोबतांनी हुकूम फर्माविला की ओव्हन कोणी लावू नये. बायकांनी माना डोलाविल्या. त्यांत अग्रभागी सरनोबतांच्या सासूबाई ओदार्का.

"जावईबापू, माझा एकटीचा तेवढा चालेल ना?"

"सासूबाई, अशा एकट्या गावभर आहेत!"

तेव्हा मोत्र्या आजींनी मसलत योजिली. अंडी शालीत बांधून आणिली आणि हरएक बाईच्या पोलक्यात एकेक ठेविले, आणि ताकीद दिली, "फोडलंस तर बघ, भवाने!" अंडे ऊबेस राहिले, आणि पोटाशी अंडे घेऊन ओव्हनपुढे वाकणार कोण? अवघी फौज खांबासारखी ताठ उभी राहिली. एक चीर पडलेले अंडे उरले, ते सरनोबतांच्या कोटात गेले.

"अहो आजी, मी खांबावर चढतोय!"

"म्हणूनच दिलं. आज तरी जपून चढशील."

सरनोबत बहुत जपून चढले. फ्यूज बसला, वीज आली, यंत्र तापले, आणि अंडी एकेक करोन परत आली. मग ओव्हन पाळीपाळीने लागले. पहिला मान सासूबाईंस दिला, नाहीतर घरी दुसरी आघाडी उघडली असती.

सरनोबतांनी कोट उघडिला तो आतून ओली, पिवळी मान वर आली. आजींस रडू आवरेना. म्हणाल्या, "राहू दे रे, तुलाच आई समजलंय ते."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वंश राहिला, पास्का भाजल्या, आणि बिजलीदलात एक शिपाई वाढला. तो सरनोबतांच्या कोटातूनच, फक्त डोके बाहेर काढून, पुढील तुटल्या तारेकडे रवाना जाहला असे.