सुरोजोयो गल्लीचा पुरावा

जे शोधल्यावर सापडत नाही, ते कधी झालेलंच नसतं. इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या नामकरण समितीने हे सूत्र एकमताने मान्य केलं आणि तेव्हापासून शहराचा भूतकाळ पुष्कळच आटोपशीर झाला.

नियम साधा आहे. गल्लीला एखादं नाव द्यायचं, तर ते दफ्तरखान्याच्या संगणकावर, जुन्या वर्तमानपत्रांत निदान एकदा सापडलं पाहिजे. न सापडल्यास गल्लीला फुलाचं नाव मिळतं. (आजमितीस मोगरा गल्ल्या सहा आहेत. पोस्टमनने बदली मागितली आहे.)

निवृत्त शिक्षिका बू (म्हणजे बाई) सुमिनार यांच्या गल्लीतली विहीर त्यांच्या आजोबांनी, म्हणजे सुरोजोयोंनी, एकट्याने खणली होती. निम्मी वस्ती तेच पाणी पिऊन वाढली. सुरोजोयोंची लेक, सुमिनारची आई, आता एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि रोज सकाळी एकच विचारते, "पाटी लागली का गं?" अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. नाहीतर मोगरा क्रमांक सात.

सोमवारी सुमिनारने शोधाच्या चौकटीत 'सुरोजोयो' टाइप केलं. निकाल शून्य. शोधसाहाय्यक पाक (म्हणजे श्रीयुत) हेरुतोमो यांनी तत्परतेने शून्याचा दाखला दिला, शिक्क्यासकट.

"अहो पाक, विहीर आहे ना तिथे! या, पाणी पिऊन बघा."

"विहीर असेल हो बू. आजोबा नव्हते."

मंगळवारी तिला स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं आणि डचांच्या काळचं स्पेलिंग विसरली! तेव्हा एका 'उ'ला दोन रोमन अक्षरं लागत, 'ज'लाही दोन. (लोकांकडे वेळ होता.) तिने नावाच्या आठ रोमन अक्षरांची दहा केली आणि निकाल आले बाराशे चार. तिचे डोळेच भरून आले. त्यातले बाराशे सुरोजोयो छाप बामच्या जाहिराती निघाल्या. उरलेले चार एका शर्यतीच्या घोड्याबद्दल होते.

बुधवारी आईने खुलासा केला. "अगं, विहीर खणली तेव्हा ते सुरोजोयो कुठे होते? पुरुषांना लग्नात नवं नाव मिळतं ना, तसं ते मिळालं. त्याआधी वागिमान. आणि जन्माचं नाव तर फार भारदस्त, ते अंगाला जड झालं. पोर सारखं तापाने फणफणायचं, म्हणून बदललं."

"जन्माचं काय होतं, इबू?"

"ते नाही सांगणार. उच्चारलं तर परत ताप येईल."

"कुणाला? ते जाऊन पन्नास वर्षं झाली!"

"मला."

'वागिमान'चे निकाल अडतीस हजार दोनशे सोळा आले. एका व्यक्तीस दिवसाला पन्नास निकाल उघडता येतात. सुट्ट्या वगळून हे काम तीन वर्षांत उरकलं असतं. तेव्हा आई चौऱ्याण्णवची असती, किंवा नसती.

गुरुवारी सुमिनार मुकाट्याने घोडा वाचत बसली. त्याचा रंग, दात, उंची, बाप, आजा, पणजा, सगळं छापून आलं होतं. वर्तमानपत्राने पाच पिढ्यांपर्यंत नावं दिली होती, तीही बिनचूक. तिला घोड्याचा मनापासून हेवा वाटला.

शुक्रवारी ती दफ्तरखान्याच्या खिडकीशी उभी राहिली. "पाक, नियमात काय आहे? नाव सापडलं पाहिजे. माणूस सापडला पाहिजे, असं कुठे आहे?"

हेरुतोमोंनी नियम तीनदा वाचला. "नाही बुवा."

"मग मारा शिक्का."

महिन्याभरात पाटी लागली. वर ठसठशीत 'गल्ली सुरोजोयो', खाली बारीक अक्षरांत 'नामवंत घोडा'. आईला खुर्चीत बसवून आणलं.

"खाली काय लिहिलंय गं?"

"नामवंत, इबू."

"आणि पुढे?"

"पुढचा रंग उडालाय."

"नव्या पाटीचा?"

"सरकारी आहे ना."

आईला ते पटलं. तिने विहिरीचं पेलाभर पाणी मागून घेतलं आणि पाटीकडे बघत सावकाश प्यायली.

वाचकहो, आपण हसलात, हरकत नाही. आता आपणही त्या चौकटीत आपल्या पणजोबांचं नाव घाला. स्पेलिंगचं नंतर बघू, आधी नाव तर आठवा. सावकाश आठवा, संगणक थांबतो. एवढंच की, चौकट रिकामी ठेवली तर तो घोडासुद्धा देत नाही.