दाजी मास्तरांच्या गाडीचे नवे ब्रेक

“आता माशी आडवी आली तरी ही गाडी थांबेल! आणि माशीला पत्तासुद्धा लागणार नाही!”

दाजी मास्तरांनी ही घोषणा शनिवारी संध्याकाळी, वालावलच्या आपल्या घरासमोरच्या खळ्यात उभं राहून केली. ऐकायला फक्त त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. पण मास्तर एकाशी बोलले तरी पूर्ण वर्गाशी बोलल्यासारखेच बोलत. निवृत्तीला दहा वर्षं झाली, तरी दर रविवारी ते गाडी घेऊन तोंडवलीला जात. तिथे होडीवाल्यांची वीसेक मुलं त्यांच्याकडून विज्ञान शिकायला वाट बघत बसलेली असत.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी गाडी नेरूरच्या एका दगडी गडग्यावर नेऊन टेकवली! “ब्रेकच लागले नाहीत,” असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दोडामार्गला दिलेली मुलगी स्वप्ना फोनवर कडाडली, “बाबानू, रविवारी मी येतंय. बाजूक बसान बघतंय. माका भीती वाटली, तर चावी माझ्या पर्शीत!”

चावी गेली की तोंडवलीचा वर्ग गेला. दोन एसट्या बदलून जाणं आता गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून मास्तरांनी कुडाळच्या गुरुदास मेकॅनिककडून थेट शर्यतीच्या गाड्यांना शोभतील असे ब्रेक बसवून घेतले! चाकाआड जेवणाच्या ताटाएवढी डिस्क, आणि तिला चिमटीत धरणारा लालभडक कॅलिपर. पाप्लेटाच्या ताटलीत खेकडा बसावा तसा!

“आता नीट ऐक,” मास्तर पार्वतीबाईंना समजावू लागले. “आपल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. होडीत एका बाजूचं वल्हं रोखलं की होडी वळते ना? तशी गाडी घसरू लागली की तिच्यातला कॉम्प्युटर एकाच चाकाचा ब्रेक दाबून तिला सरळ करतो. कुठलं चाक किती फिरतंय, हे त्याला या बारीक वायरी कळवतात. समजलं?”

“समाजला,” पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना एवढंच समजलं, की एवढ्या मोलाच्या वस्तूला अजून कोणी हळदकुंकू वाहिलेलं नाही! मास्तर आत गेल्यावर त्यांनी दोन्ही कॅलिपरांना कुंकू लावलं, आणि लक्ष्मीनारायणाच्या देवळातला लाल दोरा चाकाआड हात घालून बांधून टाकला. एक टोक स्प्रिंगला आणि दुसरं तिथे लोंबणाऱ्या ‘काळ्या सुतळीला’. घट्ट, तीन गाठी मारून!

रविवारी सकाळी स्वप्ना पुढे बसली, मागे पार्वतीबाई घावण्यांचा डबा घेऊन. मास्तरांनी खळ्यातून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं. दोरा ताणला, काळी सुतळी खेचली गेली, आणि समोर टिंग करून घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र उजळलं. शेजारी आणखी एक दिवा लागला.

“ह्ये दिवे कित्याक पेटले?” स्वप्नाने विचारलं.

“नव्या ब्रेकचे आहेत. स्वागताचे!” मास्तर म्हणाले. आणि त्यांनी दिव्यांवर हळूच टिचकी मारून पाहिली.

“बाबानू, घसारता तसा चित्र आसा. स्वागत असला करतत?”

विद्यार्थ्याने शंका विचारली आणि मास्तर गप्प बसले, असं आयुष्यात घडलं नव्हतं. ते स्वप्नाकडे पूर्ण वळले, एक हात स्टिअरिंगवरून उचलला आणि म्हणाले, “समज, हे माझं वल्हं…”

“बाबा, म्हस!”

मास्तर शिकवताना पुस्तकी मराठी बोलत आणि घाबरले की मालवणी. “मेलंय रे, मेलंय!” म्हणत त्यांनी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले. टायर किंचाळले, घावण्यांचा डबा उडून डॅशबोर्डवर आदळला आणि गाडी म्हशीपासून वीतभर अंतरावर खुंट्यासारखी थांबली! म्हशीने बॉनेट हुंगलं, पसंत पडलं नाही, आणि ती निघून गेली. मास्तरांनी तिथूनच गुरुदासला फोन लावला.

गुरुदास पंधरा मिनिटांत स्कूटरवरून आला. त्याने चाकाआड डोकं घातलं आणि तसाच ओरडला, “मास्तरानू, सेन्सरच्या वायरीक ह्यो दोरो कोणी बांधलो?”

“मी बांधलंय,” पार्वतीबाई म्हणाल्या. “देवाचो आसा. तोडशीत तर बघ!”

गुरुदासने गाठी सोडल्या, सुटलेला प्लग खटकन जागेवर बसवला, आणि दोरा आदराने आरशाला बांधला. दिवे विझले. “ब्रेक एकदम फस्क्लास आसत. काळजी नको!” तो म्हणाला.

मास्तरांनी विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिलं. मुलीने हात पसरला. “चावी.”

“अगं, ब्रेक चांगले आहेत म्हणाला ना तो!”

“गडग्यार आपटलास, तेव्हा काय करी होतास?”

मास्तरांनी मान खाली घातली. “तुझ्या आईला माडगरूड पक्षी दाखवत होतो.”

“आणि आता?”

“तुला वल्हं.”

“गाडी थांबता हो, बाबानू! तुम्ही थांबणास नाय! गाडी चालत आसताना शिकवचा नाय. कबूल?”

“कबूल,” मास्तर पुटपुटले. वर्ग वाचला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मास्तर गप्प झाले. चौके गेलं, मालवण गेलं. कोळंबच्या पुलाखाली खाडीचं पाणी उलटं वाहत होतं. भरतीवर एक अवाक्षर नाही! पार्वतीबाईंनी पुढे वाकून त्यांच्या कपाळाला हात लावला. “स्वप्ना, ह्येंका बरा नाय काय गो?”

आता स्वप्नाही घाबरली. “बाबानू, बोला हो कायतरी!”

मास्तरांनी गाडी रस्त्याकडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि प्रसन्न चेहऱ्याने मागे वळले.

“मघाशी डबा पुढे का उडाला? सांगा बघू!”

त्यानंतर तोंडवलीपर्यंत गाडी नऊ वेळा थांबली. वर्ग दहाचा होता, पोचले साडेअकराला.

“सर, उशीर कशाक झालो?” मुलांनी गलका केला.

मास्तरांनी स्वप्नाकडे पाहिलं. स्वप्ना दमून पायरीवरच बसली होती.

“ब्रेक,” ती म्हणाली, “लयच बरे आसत.”